दाराला पोचा पडलाय, प्लास्टिक तुटलंय? आधी दार आतून उघडा

गाडीच्या दाराला पोचा पडला, बाहेरची काळी पट्टी तुटली, आतलं पॅड खिळखिळं झालं की बहुतेक जण पहिलं काम काय करतात, तर पुट्टीचा डबा आणि स्प्रे कॅन मागवतात आणि बाहेरून भरायला घेतात. हे प्लीज करू नका. दार म्हणजे नुसता पत्रा नाही, आत काच आहे, काच वरखाली करणारी मशीन आहे, वायरी आहेत, लॉकची केबल आहे आणि पावसाचं पाणी आत शिरून खालून बाहेर पडायची वाट पण आहे. मार बाहेर बसतो, पण काम आतून सुरू करायचं असतं. म्हणून खालचा सगळा क्रम त्याच हिशोबाने दिलाय. उदाहरण म्हणून साधी हॅचबॅक धरलीय, वॅगनआर, स्विफ्ट, आय टेन अशी कुठलीही, स्टीलचं दार आणि त्याच्यावर प्लास्टिक. बाकी गाड्यांत स्क्रूच्या जागा बदलतात, क्रम बदलत नाही.

घरी करण्यासारखं आहे का ते बघा

दार सावकाश उघडा, बंद करा. चारही बाजूंची फट सारखी दिसते का, दार लावताना थोडं उचलून धरावं लागतं का, काच पूर्ण खाली-वर जाताना अडकते का, लॉक आतून-बाहेरून दोन्हीकडून चालतं का. दार लटकलं असेल, बिजागरीजवळचा पत्रा दुमडला असेल, पुढच्या आणि मागच्या दारामधला खांब (बी पिलर) आत गेला असेल किंवा मीटरवर एअरबॅगचा दिवा जळत असेल तर हात लावू नका, गाडी गॅरेजला न्या. दाराच्या आत एक आडवा लोखंडी पाइप किंवा पट्टी असते, बाजूने धडक बसली तर आतल्या माणसाला वाचवायला. ती वाकली असेल तर ठोकून सरळ करायची नसते, दारच बदलायचं. मुंबईकडच्या लोकांना जुन्या गाड्यांचे पार्ट म्हटलं की कुर्ल्याचा सीएसटी रोड माहीत असतोच, नशीब असेल तर तुमच्याच रंगाचं अख्खं दार मिळून जातं आणि मग पुट्टी-रंगाचा प्रश्नच मिटतो.

आता इन्शुरन्स. क्लेम करायचा की नाही हे गाडी उघडायच्या आधी ठरवा, कारण एकदा तुम्ही स्वतः ठोकाठोकी केली की सर्व्हेअरला (इन्शुरन्स कंपनीच्या तपासनिसाला) काय दाखवणार? एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा दरवर्षी चढत जातो आणि एक क्लेम केला की सहसा शून्यावर येतो. समजा तुमचा ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, प्रीमियम सूट धरायच्या आधी ८,००० आहे आणि एनसीबी ५० टक्क्यांवर पोचलाय. क्लेम केल्यावर पुढच्या वर्षी सूट शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असं परत चढायचं, म्हणजे प्रीमियम तेवढाच धरला तर पाच वर्षांत मिळून १०,००० रुपये जास्त जातात. त्याशिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये तुमच्या खिशातले, आणि झिरो डेप (पार्ट जुना म्हणून पैसे न कापणारं जास्तीचं कव्हर) नसेल तर प्लास्टिकच्या पार्टची निम्मीच किंमत मिळते. म्हणून एका दाराचा छोटा पोचा आणि एक पट्टी एवढंच असेल तर माझं मत, क्लेम नको. पण समोर दुसरी गाडी किंवा माणूस असेल, कुणाला लागलं असेल, तर हा हिशोब बाजूला ठेवा आणि इन्शुरन्सवाल्यांना कळवा. फोटो मात्र दोन्ही वेळेला काढून ठेवा.

सामान फार लागत नाही. स्क्रू ड्रायव्हर, १० नंबरचा पाना, प्लास्टिकची ट्रिम काढायची पट्टी, रबरी किंवा नायलॉनची हातोडी, लाकडाचे दोन-तीन ठोकळे, मास्किंग टेप, पॉलिश पेपर ८० पासून २००० पर्यंत, सोल्डरिंग आयर्न, आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि मास्क. मास्क साधा कापडी नको, पुट्टीची धूळ बारीक असते, एन ९५ घ्या.

पॅड उतरवणं

दाराच्या आतल्या प्लास्टिकला मेकॅनिक लोक डोअर पॅड म्हणतात, दुकानात पण हाच शब्द वापरा. सुरुवात करण्याआधी काच पूर्ण वर करा, कारण काच खाली असली की ती नेमकी पोच्याच्या मागे येऊन बसते आणि आतून एक जरी ठोका चुकला तर काच गेली. काच वर झाली की इग्निशन बंद, चावी बाहेर, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये एअरबॅगसाठी जेवढा वेळ थांबायला सांगितलाय तेवढं थांबा. काही गाड्यांत पुढच्या दाराच्या आतच साइड एअरबॅगचा प्रेशर सेन्सर असतो, त्यामुळे आत पिवळी वायर किंवा पिवळा कपलर (वायरी जोडायचा प्लग) दिसला तर त्याला हात लावायचा नाही.

आता स्क्रू शोधा. ते लपवलेले असतात, आतल्या हँडलच्या वाटीत छोट्या टोपीखाली, आर्मरेस्टच्या खाचेत, कधी आरशाच्या मागच्या त्रिकोणी कव्हरखाली. मागच्या दाराला काच फिरवायचं हँडल असेल तर त्याच्या मागे एक तारेची क्लिप असते, ती काढायला सोपी युक्ती आहे, एक जुना सुती कपडा हँडल आणि पॅडच्या मधे घालायचा आणि दोन्ही टोकं धरून इकडून तिकडे ओढत राहायचं, क्लिप कपड्यात अडकून बाहेर येते. उडून लांब जाते कधीकधी, तेवढं लक्ष ठेवा.

सगळे स्क्रू निघाले की खालच्या कोपऱ्यातून प्लास्टिकची पट्टी घाला आणि क्लिप जिथे आहे तिथेच, अगदी तिच्या शेजारीच, झटका द्या. लांबून ओढलं की क्लिप निघत नाही, पॅडवरचं तिचं घर तुटतं. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, रंग पण जातो. खालून आणि बाजूंनी सगळ्या क्लिपा सुटल्या की पॅड सरळ तुमच्याकडे ओढायचं नाही, वर उचलायचं, कारण वरची कड काचेच्या खाचेत अडकवलेली असते. आणि उचलल्यावर पण लगेच घेऊन पळू नका, मागे पॉवर विंडोच्या बटणाचा कपलर, स्पीकरची वायर, हँडलची केबल असं सगळं लटकलेलं असतं. प्रत्येक गोष्ट काढायच्या आधी मोबाइलवर फोटो. एक-दोन क्लिपा तुटणारच, जुन्या असतात, त्याचं काही वाटून घेऊ नका. एक अख्खी क्लिप नमुना म्हणून दुकानात घेऊन जा आणि दहा जास्तीच्या आणा. पुण्यात असाल तर नाना पेठेत फिरा.

पॅडच्या मागे एक प्लास्टिकचा किंवा फोमचा पडदा असतो, काळ्या चिकट ब्युटाइलने चिकटवलेला. नवीन लोक हा फाडून फेकतात, किंवा नंतर बसवायलाच विसरतात, आणि पहिल्या पावसात गाडीत पाणी येतं मग म्हणतात बीडिंग (दाराच्या कडेचं रबर) गेलं. काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या आत जाणारच, गाडी तशीच बनवलेली आहे, ते पाणी खालच्या भोकांतून बाहेर पडतं आणि हा पडदा ते केबिनमध्ये येऊ देत नाही. प्रेशर सेन्सर असलेल्या दारात तर तो नीट बंद असणं जास्तच महत्त्वाचं. हेअर ड्रायरने ब्युटाइल थोडं गरम करा आणि हळूहळू सोडवा, चिकट बाजूला धूळ लागू देऊ नका.

पोचा

आता टॉर्च लावून आत बघा. पाइप सरळ आहे का, वायर चेपलीय का, पत्रा मागून गंजलाय का. बाहेरून कळत नाही असं सगळं इथे कळतं, आणि इथे गंजाचं भोक दिसलं तर पुट्टीचा विचार सोडा, तिथे पत्रा बदलावा लागतो.

मोठा, उथळ, कुठेही कोर न पडलेला पोचा असेल तर तो बऱ्याचदा आतून तळहाताने दाबूनच टक्कन बाहेर येतो. तसा नाही आला तर सक्शन कप. गरम पाणी ओतून पोचा निघतो असे व्हिडिओ असतात, ते बंपरचे असतात, बंपर प्लास्टिकचा, गरम झाला की मऊ होतो, स्टीलच्या दाराला उकळत्या पाण्याने काही होत नाही.

कोर पडलेला पोचा असेल तर सावकाश. नीट बघितलं तर खड्ड्याच्या भोवती पत्रा थोडा वर आलेला असतो, तो उंचवटाच खड्ड्याला आत धरून ठेवतो. म्हणून थेट मधोमध आतून ठोकायचं नाही. कडेपासून सुरू करायचं, आतून लाकडी ठोकळ्याने खड्डा वर दाबून धरायचा आणि बाहेरून उंचवट्यावर नायलॉनच्या हातोडीने हलके हलके ठोके, मग गोल गोल आत येत जायचं. जोरात मारलं की पत्रा ताणला जातो आणि ताणलेला पत्रा मग बोटाने दाबला तरी डबडब आवाज करत आतबाहेर होत राहतो, तो घरी नीट करणं फार अवघड. ठोका कमी पडला तर चालतो, जास्त पडला की गेलं.

तपासायला दोन गोष्टी. हातात पातळ सुती मोजा घालून पत्र्यावरून तळवा लांब लांब फिरवा, डोळ्याला न दिसणारा उंचवटा हाताला लागतो. आणि पार्किंगमधल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दारावर बघा, ती रेघ जिथे वाकते तिथे अजून काम आहे. पत्रा मूळ लेव्हलच्या दोन-तीन मिलिमीटर आत आला की थांबा, उरलेलं पुट्टीचं काम. लेव्हलच्या वर मात्र एक ठिपका पण राहायला नको, कारण वर आलेलं पुट्टीने झाकता येत नाही. रंगाला तडा गेला नसेल आणि नजरेला चालण्यासारखं झालं असेल तर माझा आग्रह आहे की इथेच थांबा, पुट्टी लावूच नका, कंपनीचा रंग जेवढा टिकतो तेवढं घरचं काम टिकत नाही.

पुट्टी आणि रंग

रंग फुटला असेल तर करावंच लागतं, आणि लवकर करावं लागतं. कोकणात किंवा मुंबईत उघडा पत्रा पावसाळ्यात एका रात्रीत लालसर होतो. आधी शॅम्पूने धुवा, वाळवा, मग अल्कोहोलने पुसा, रॉकेल-पेट्रोलने नको, तेलकट थर राहतो. ८० नंबरने फक्त खराब झालेला भाग घासा आणि रंगाच्या कडा उतरत्या करा, बोटाला पायरी लागायला नको.

पुट्टी आणि हार्डनर (पुट्टी घट्ट करणारी पेस्ट) वजनाने १०० ला २ एवढंच. म्हणजे लिंबाएवढ्या पुट्टीला हार्डनरचा अगदी छोटा ठिपका. लवकर सुकावं म्हणून जास्त हार्डनर घालतात काही जण, मग पांढऱ्या गाडीवर काही दिवसांनी पिवळट डाग वर येतात. मिसळून रंग एकसारखा झाला की हातात चार-पाच मिनिटं असतात, मे महिन्यात उन्हात त्याहून कमी, म्हणून थोडी थोडीच बनवा आणि सावलीत काम करा. पातळ थर, दाबून, हवा राहू न देता, आणि एकूण जाडी ३ मिलिमीटरच्या आत. ॲसिडवाल्या एच (etch) प्रायमरवर पुट्टी लावू नका, ती नीट सुकत नाही, एपॉक्सी प्रायमर चालतो किंवा घासलेला कोरा पत्रा.

घासताना नुसती बोटं नकोत, बोटांचे चर पडतात. सपाट भागाला लाकडी ठोकळा, गोलाईला जुन्या रबरी चपलेचा तुकडा, त्याभोवती पॉलिश पेपर. ८०, मग १२०, १८०, ३२०. पुट्टी कोरडीच घासायची, पाणी लावून नाही, ती पाणी शोषते आणि ते पाणी रंगाखाली अडकून नंतर फोड येतात. सुईच्या टोकाएवढी भोकं राहिली तर एनसी पुट्टीचा (बारीक भोकं भरायची पातळ पुट्टी) हात. त्यावर प्रायमर दोन-तीन पातळ थर, तो वाळला की मग ६०० नंबर पाण्यातून चालेल.

रंगाचा कोड गाडीवरच्या प्लेटवर असतो, दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली. मारुतीचा सुपीरियर व्हाइट २६यू, सिल्की सिल्व्हर झेड२एस असे. नुसतं पांढरा द्या म्हणू नका, पांढरे पण दहा असतात. साधा पांढरा घरी जमतो, सिल्व्हर आणि मेटॅलिक रंगात दाणे कसे बसतात त्यावर शेड बदलते, तिथे मी प्रायमरपर्यंत घरी करून रंग पेंटरकडून मारून घ्या असंच सांगेन. कॅन २०-२५ सेंटिमीटर लांब, हात सतत हलता, पहिला थर एवढा पातळ की खालचं दिसलं पाहिजे, मधे दहा मिनिटं. दाराच्या मधेच रंग तोडू नका, जिथे बॉडीची कोर किंवा पट्टी आहे तिथपर्यंत न्या, म्हणजे फरक लपतो. पावसाळी दमट हवेत मारू नका, रंगावर पांढुरकी झाक येते. शेवटी क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर. हार्डनरवाला टू-के क्लिअर घरी मारायचा नाही, त्यातल्या आयसोसायनेटला एन ९५ मास्क पुरत नाही, दमा लागू शकतो.

तुटलेलं प्लास्टिक

इथे सगळ्यात जास्त पैसे आणि फेविक्विक वाया जातं. पार्ट उलटा करा, मागे छोट्या अक्षरांत प्लास्टिकचं नाव छापलेलं असतं. बाहेरच्या काळ्या दाणेदार पट्ट्या सहसा पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन, आतल्या पॅडमध्ये पीपी किंवा एबीएस. पीपीवर साधा कुठलाच गोंद धरत नाही, फेविक्विक नाही, ॲरल्डाइट नाही, एम-सील नाही. दोन दिवस टिकल्यासारखं वाटतं आणि गाडी उन्हात तापली की सुटतं. एबीएसला मात्र हे चालतं, शिवाय एबीएसचेच तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून श्रीखंडाइतकी घट्ट पेस्ट केली आणि मागून भरली तर जोड मूळ प्लास्टिकसारखाच होतो. पीपी ॲसिटोनमध्ये विरघळत नाही, त्यामुळे छापलेलं नाव वाचता येत नसेल तर मागच्या बाजूला ॲसिटोनचा थेंब टाकून बघा, चिकट झालं तर एबीएस असण्याची शक्यता जास्त.

पीपी वितळवूनच जोडायचं. चीर जिथे संपते तिथे २-३ मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे ती पुढे जात नाही. दोन्ही तुकडे पुढच्या बाजूने नीट जुळवून टेप लावा, पार्ट उलटा करा, मागून चिरेवर व्ही आकाराची खाच करा. सोल्डरिंग आयर्नने आधी चार-पाच ठिकाणी टाके घाला, मग स्टीलच्या जाळीचा तुकडा किंवा स्टेपलरची पिन चिरेला आडवी ठेवून आयर्नने दाबत आत बुडवा. बाहेरच्या पट्टीला स्टेनलेसच वापरा, साधी पिन गंजते. वरून त्याच जातीचं प्लास्टिक वितळवून भरा, गॅरेजबाहेर तुटके बंपर पडलेले असतात, त्यातलाच पीपी छापलेला तुकडा मागून घ्या आणि पट्ट्या कापा. तेलाचा डबा नको, ते सहसा वेगळं प्लास्टिक, धरत नाही. काम उघड्यावर करा, धूर वाईट असतो. पुढच्या दाणेदार बाजूला अजिबात हात लावू नका, ते दाणे परत उठवता येत नाहीत, मागून मजबूत आणि पुढून केसाएवढी रेघ हा चांगला निकाल आहे.

पॅडवरची क्लिपची घरं पण अशीच वितळवून बसवायची, फक्त आधी क्लिप घरात घालून, पॅड दारावर टेकवून जागा पेन्सिलने आखून घ्या, दोन मिलिमीटर सरकलं तरी क्लिप भोकात जात नाही.

परत बसवताना

उलटा क्रम, पण पॅड लावायच्या आधी तीन कामं. दाराच्या खालच्या कडेची पाण्याची भोकं तार घालून मोकळी करा, पुट्टी किंवा रंग तिथे गेला असेल तर पाणी साठून दार आतून सडतं. पत्र्याच्या आतल्या बाजूला जिथे ठोके पडले तिथे प्रायमर आणि वर अँटी-रस्ट वॅक्स मारा. आणि पडदा नीट चिकटवून काचेवर पाइपने पाणी सोडा, पाणी खालच्या भोकांतून बाहेर पडलं पाहिजे आणि पडद्याच्या आतली बाजू कोरडी राहिली पाहिजे. मग कपलर, केबल, पॅड वरून अडकवून खाली दाबत क्लिपा, स्क्रू आणि बॅटरी शेवटी. कपलर सुटे असताना इग्निशन चालू करू नका. काच एका झटक्यात वर जाणारी असेल तर बॅटरी काढल्यामुळे ती सेटिंग विसरते, परत शिकवायची पद्धत मॅन्युअलमध्ये असते.

बाहेरची पट्टी टेपवर बसणारी असेल तर जुना टेप पूर्ण काढा, अल्कोहोलने पुसा, व्हीएचबीसारखा दोन्ही बाजूंनी चिकटणारा मजबूत फोम टेप लावून सगळीकडे दाबा. असा टेप २४ तासांत बराच धरतो पण पूर्ण ताकद यायला ७२ तास लागतात, तोवर प्रेशर पंपने गाडी धुवू नका. नवीन रंगावर महिनाभर वॅक्स आणि पॉलिश नको, आतलं थिनर उडून जायला तेवढा वेळ द्या, साध्या पाण्याने धुतलं तरी पुरे.